ताटलीवरचा हात

"चरबी जरा जास्त घाल," मी म्हटलं, "त्याला आवडायची तशी." आ-खिमची पळी पातेल्यातच थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या स्टीलच्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, कशी आवडायची ते मी विसरलेसुद्धा हो. जायच्या आधीची तीन वर्षं त्यांनी माझ्याकडे एक घास खाल्लेला नाही." सकाळचे साडेनऊ झाले होते. देवळामागच्या त्या गल्लीत स्कूटरी एकमेकींना खेटून उभ्या होत्या, टपरीतल्या पंख्याला जळमटं लोंबत होती, आणि मी हसले. मला वाटलं, ती मला सांभाळून घेतेय. "आता काय लपवायचं आ-खिम," मी म्हटलं, "दर गुरुवारी यायचा की नाही इथे?" "यायचे की. एक गुरुवार चुकवला नाही." "मग?" "मग काय! त्या तिथे बसायचे, पंख्याखाली, लाल स्टुलावर. उकडलेली भाजी मागायचे, नुसती. मी म्हणायचे, दादा, निदान वर पळीभर रस तरी घालते, तर ताटलीवर हात ठेवायचे. असा." तिने आपला पालथा पंजा हवेत आडवा धरून दाखवला. "म्हणायचे, नको बाई, मी बायकोला शब्द दिलाय, आणि ती शर्टाचा वास घेते. सगळी टपरी हसायची. तासभर बसायचे आणि जायचे. आम्ही त्यांना वासाचं गिऱ्हाईक म्हणायचो." हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. तिने डबा भरला, वर चरबीचे चार तुकडे निवडून ठेवले आणि झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिला.

मी हे ऐकायला गेले नव्हते. याच्या बरोबर उलटं ऐकायला गेले होते. आज पिंग-खुनचं, माझ्या नवऱ्याचं, वर्षश्राद्ध. देव्हाऱ्यातल्या त्याच्या नावाच्या पाटीसमोर ठेवायला एक वाडगा लोबापंग हवं होतं, हे खरं. पांढऱ्या भातावर सोयाच्या रसात शिजून शिजून तपकिरी झालेलं डुकराचं मांस, त्याचं जन्माचं आवडतं. पण ते काय, मुलीने कुठूनही आणलं असतं. मला आ-खिमच्या तोंडून ऐकायचं होतं की वहिनी, दर गुरुवारी दोन दोन वाडगे हाणायचे हो, तुमच्यापासून चोरून. वर्षभर मी या एका वाक्यावर जगत आले होते. ते कुणी म्हटलेलं नव्हतं, माझं मीच धरून चालले होते, आणि आज ते कुणाच्या तरी तोंडून ऐकून घ्यावं, म्हणजे पक्कं होईल, अशी मला हाव सुटली. नसते गेले तर बरं झालं असतं. डबा गरम होता, पिशवीतून मांडीला चटका देत होता, आणि मी देवळाच्या भिंतीच्या सावलीत उभी राहून कुठल्या दिशेला घर आहे ते आठवत होते. चाळीस वर्षं या गल्लीत राहते मी.

पिंग-खुन पाणीखात्यात होता. आमच्या थायनान शहराच्या अर्ध्या गल्ल्यांतल्या पाण्याच्या मीटरांवर त्याने वाकून बघितलं असेल. गुरुवारी त्याची फेरी आमच्या भागात असायची, आणि निवृत्त झाल्यावरही गुरुवार आला की तो टोपी घालून निघायचा. "पाय मोकळे करून येतो," म्हणायचा. परत आला की शर्टाला वास. सोया, तळलेला बारीक कांदा, चक्रीफूल. मी शिंपीण आहे, लोकांचे कपडे उसवून परत शिवते. कापड हातात आलं की त्याचा मालक काय खातो, कुठे बसतो, ते मला विचारावं लागत नाही. पथ्य सुरू झाल्यावर पहिल्या गुरुवारी मी तो शर्ट नाकाशी धरून न्हाणीत कितीतरी वेळ उभी होते. भांडले नाही. मला वाटलं, मी केवढी शहाणी, केवढी मोठ्या मनाची! पण गुरुवारी संध्याकाळी मी त्याला भात अर्धाच वाढायची. बाहेर खाऊन आलाय, भरून काढायला नको का? शिवाय रताळ्याचा पाला दुप्पट, मीठ कमी. तो वाडग्यात बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, आणि खायला लागायचा. एकदाही त्याने विचारलं नाही की आज भात एवढाच का. मी मनात म्हणायची, कसा विचारशील? चोराला तोंड असतं का? तर त्या सगळ्या गुरुवारी तो दुपारपासून उकडलेल्या भाजीवर होता, आणि संध्याकाळी मी त्याला अर्धपोटी ठेवत होते. तीन वर्षांत किती गुरुवार येतात, तो हिशोब मी करायला घेतला आणि सोडून दिला.

तो गेला तेव्हा तो वास मला पुरला. माणूस गेल्यावर लोक काय काय जपून ठेवतात, मी न धुतलेला एक शर्ट ठेवला. मुलगा, छुंग-वन, म्हणालाच होता, "आई, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. बाबा काय साधा माणूस होता? तू घरात गवत वाढत होतीस आणि तो बाहेर चंगळ करत होता. कोण म्हणतं उपाशी मेला?" मी वरवर रागावले. आतून मला त्या पोराच्या पाया पडावंसं वाटलं. म्हणजे मी त्याचं काही हिरावून घेतलं नाही. मी हिरावलं आणि त्याने परत मिळवलं, फिट्टंफाट! नवरा मला फसवत होता, या विचाराने एखाद्या बाईला इतका दिलासा मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि आता आ-खिमने हवेत धरलेला तो पालथा पंजा.

सुरुवात त्याच्या छातीत दुखण्यापासून झाली. हृदयाच्या नळ्यांत दोन जाळ्या बसवल्या. डॉक्टर कोवळा होता, माझ्या मुलीच्या वयाचा. म्हणाला, मावशी, डुकराची चरबी कमी करा, तळलेलं कमी करा, भाज्या वाढवा, पांढऱ्या भाताच्या जागी हातसडीचा चालू करा. तो 'कमी करा' म्हणाला होता. पण मला कमी करणं जमत नाही, कापायचं म्हटलं की मी कापते. वॉर्डाच्या सभागृहात मंगळवारी आहाराचा वर्ग भरायचा, तिथे मी नाव घातलं. तिथे बायका वह्या घेऊन बसायच्या, आख्खी धान्यं, काळे घेवडे, भोपळा, समुद्राचं शेवाळ. कुणाच्या नवऱ्याची साखर उतरली की सगळ्या टाळ्या वाजवायच्या. मला ते फार आवडलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कंबरा सैल-घट्ट करत आले, पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की माणूस आतून दुरुस्त करता येतो. आठवड्याभरात मी स्वयंपाकघर रिकामं केलं. पांढरा तांदूळ खालच्या मजल्यावर देऊन टाकला. सॉसेजं, सुकवलेलं मांस, मांसाचा चुरा, सगळं गेलं; डुकराला शिवणार नाही, असा पिंग-खुनकडून शब्दही घेतला. आणि सासूबाईंची चरबीची बरणी. तपकिरी चिनीमातीची, कानाला तडा गेलेली. सासूबाई डुकराची चरबी कढवून त्यात भरून ठेवायच्या, गरम भातावर चमचाभर ती आणि वर सोयाचे थेंब, आजारी माणसालासुद्धा हेच द्यायच्या. मी ती चरबी कचऱ्याच्या गाडीत टाकली, बरणी तीनदा गरम पाण्याने धुतली आणि तिच्यात ओट भरले. पिंग-खुनने एक दिवस सवयीने झाकण काढलं. ओट बघितले. झाकण परत लावलं, नीट, कानाचा तडा भिंतीकडे करून, त्याची आई ठेवायची तसं.

तो मिठागरांच्या पट्ट्यातला होता, समुद्राकाठचा. तिथे तेव्हा भात नव्हता. रताळी किसून वाळवायची, तो काळपट कीस वर्षभर शिजवायचा, आणि त्यात तांदळाचे दाणे शोधायचे. पांढरा भात त्याला नव्या वर्षाला मिळायचा, आणि एकदा त्याचे वडील गेले तेव्हा मिळाला होता. त्या दिवशी आपण रडायचं सोडून भात खात होतो, हे त्याने मला लग्न झाल्यावर चार वर्षांनी सांगितलं. शहरात येऊन पहिला पगार हातात आला तेव्हा तो याच टपरीवर आला, तेव्हा आ-खिमची आई बसायची, आणि एका बैठकीत त्याने तीन वाडगे लोबापंग खाल्लं. म्हणायचा, तिसऱ्या वाडग्याला मला वाटलं, आता मी माणसात आलो. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी त्याच्यासमोर रोज काय ठेवत होते? रताळं. रताळ्याचा पाला. वरीचा भात. त्याच्या लहानपणाची सगळी गरिबी मी दुकानातून विकत आणत होते, सेंद्रिय म्हणून, चांगल्या कागदी पिशवीतून. हा विचार मला तेव्हा एकदाही शिवला नाही. नव्या वर्षाच्या जेवणाला मी अळंब्या कापून माशासारख्या मांडल्या होत्या, तेव्हा छुंग-वनने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "सणाला तरी आई! याला डोळेसुद्धा लावलेस! कुणाला फसवतेस, आम्हाला की बाबांना?" मुलगी, पेइ-शान, माझ्या बाजूने बोलायला लागली, "आई बरोबर करतेय, तुला बाबा हवाय का डुक्कर हवंय?" "दोन्ही हवंय," छुंग-वन म्हणाला. भांडण पेटणार, तेवढ्यात पिंग-खुनने पाल्याचा मोठा घास उचलला. "खा रे," म्हणाला, "चांगलं असतं हे. लहानपणी आम्ही हाच पाला डुकरांना घालायचो. बघायला हवी होती डुकरं, काय तब्येती होत्या एकेकाच्या!" सगळे खो खो हसलो. मी सगळ्यांत जास्त हसले. त्यानंतर छुंग-वन घरी जेवायला येईनासा झाला, आला तर वाटेत तळलेली कोंबडी खाऊन यायचा, आणि टेबलाशी आम्ही दोघंच उरलो, पिंग-खुन आणि मी, समोर चार उकडलेल्या भाज्या. चघळण्याचा आवाज तेवढा यायचा. हातसडीचा भात फार चघळावा लागतो.

पण माझ्या त्याहून वाईट आठवणी कापडाच्या आहेत. त्याच्या पँटी मीच शिवायची. पहिल्या वर्षी कंबर दोन इंचांनी उतरली. मी टेप त्याच्या पोटाभोवती धरून मुद्दाम मोठ्याने आकडा वाचायची. मग ती थांबली, वर्ष-दीड वर्ष तिथेच राहिली, आणि तिसऱ्या वर्षी परत उतरायला लागली. एक इंच. महिन्याभराने आणखी एक. मला काय आनंद झाला होता! वर्गात मी सांगितलं, तर बायका उभ्या राहिल्या टाळ्या वाजवायला. त्यांनी मला पुढे बोलावून विचारलं, ताई, असं काय देता हो त्यांना? मी भोपळ्याची पेज कशी करते ते फळ्यावर लिहिलं. पँट लहान करताना शिवणीच्या आत माया सोडायची असते, पुढेमागे माणूस जाड झाला तर उसवून सैल करता येते; हे शिकाऊ पोरीलासुद्धा पहिल्या आठवड्यात सांगतात. मी माया कापून टाकली. सगळ्या पँटींची. म्हटलं, आता परत जाड व्हायचंच नाही. तो स्टुलावर बसून बघत होता. "थोडी राहू दे की," म्हणाला. "कशाला? परत डुक्कर खायचा बेत आहे वाटतं?" तो हसला. तो असाच हसायचा, ओठ न उघडता, सगळा चेहरा सपाट करून. त्या हसण्यात हो आहे की नाही ते मला अडतीस वर्षांत कळलेलं नाही. नंतर तो म्हणायला लागला, पाठ दुखते, थकायला होतं. मी म्हटलं, शरीरातलं विष बाहेर पडतंय, वर्गात सांगितलंय असं होतं म्हणून. मग एका सकाळी त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला.

स्वादुपिंडात होतं. दवाखाना मोठा, डॉक्टर वयस्कर, सावकाश लिहिणारा. त्याने विचारलं, "वजन किती महिन्यांपासून उतरतंय?" पिंग-खुनने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आठ महिने. मी उतरवलंय." माझ्या आवाजात अजून तो वर्गातला ताठा होता. डॉक्टरची लेखणी थांबली. तो चांगला माणूस असणार, पण त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी टेपवर वाचलेले सगळे आकडे एकामागून एक माझ्या कानात वाजले. नंतर बाहेर बाकावर पेइ-शान म्हणत राहिली, आई, हे लवकर कळत नाहीच, कुणालाच कळत नाही, आणि खाण्यापिण्याचा याच्याशी संबंध नाही असं त्यांनी स्वतः सांगितलं ना? सांगितलं. मी ऐकलं. म्हणजे डुकराने काही झालं नव्हतं आणि पाल्याने काही टळलं नव्हतं. मग ती तीन वर्षं कशासाठी होती, हे मी त्या डॉक्टरला विचारलं नाही. पिंग-खुन माझ्या शेजारी बसला होता, दोन्ही हात मांडीवर, पँटीचा पट्टा सगळ्यात आतल्या भोकावर, तेही मीच सुईने पाडलेलं.

अडीच महिने. शेवटच्या आठवड्यात त्या डॉक्टरने मला खोलीबाहेर बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आता त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या." मी हो म्हटलं. मला अर्थ कळला होता, आणि म्हणूनच मी ठरवलं की नाही द्यायचं. ज्या दिवशी मी त्याच्या हातात लोबापंगचा वाडगा ठेवीन त्या दिवशी मी कबूल केल्यासारखं होईल की हा मरतोय. तोपर्यंत भोपळ्याची पेज, तोपर्यंत बरा होणारा माणूस. मी रोज अकराला पेज घेऊन जायची, गाळून, अगदी पातळ. एका दुपारी तो छताकडे बघत म्हणाला, "आ-खिमकडचा एक वाडगा. लहान." तेवढंच. तीन वर्षांत त्याने माझ्याकडे खायला मागितलेली ती एकच गोष्ट. टपरी तिथून स्कूटरने दहा मिनिटांवर. मी म्हटलं, "बरा हो आधी. मग आपण दोघं जाऊ, मीपण खाईन." त्याने ते सपाट हसणं हसून तोंड उघडलं. मी चार चमचे भरवले. पाचव्याला त्याने हात उचलला, तो हात सुया टोचून टोचून निळा झाला होता, आणि वाडग्यावर पालथा ठेवला. मी तो उचलून बाजूला केला. हलका होता, सुकलेल्या मोज्यासारखा. "पाच तरी," म्हटलं. त्याने पाचवा घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, पेज तेव्हा माझ्या पिशवीत होती.

घरी पोचले तेव्हा दोघं पोरं आली होती. पेइ-शानने टेबल पुसून पाटीसमोर लावलं होतं, संत्री रचली होती. छुंग-वन गॅलरीत पितरांसाठी कागदी पैसे जाळायचा डबा साफ करत होता. मी जेवणाचा डबा उघडला आणि वास घरभर पसरला. चार वर्षांनी या घरात तो वास, शर्टाचा नव्हे, गरम अन्नाचा. छुंग-वन आत आला आणि दारातच उभा राहिला. "अरे वा! आई, आज सूर्य कुठून उगवला?" मी वाडगा पाटीच्या बरोबर समोर ठेवला, काड्या आडव्या. "एवढंच?" पेइ-शान म्हणाली, "मासा नाही, कोंबडी नाही?" "त्याने एवढंच मागितलं होतं," मी म्हटलं. उदबत्त्या लावल्या. आम्ही तिघं हात जोडून उभे राहिलो, मग बसलो. उदबत्ती अर्धी झाली की पितरांना विचारायचं असतं, जेवण झालं का. विचारायला कौल टाकायचा. बांबूच्या मुळाचे दोन तुकडे, चंद्रकोरीसारखे, एक अंग सपाट, एक फुगीर. एक सपाट एक फुगीर पडला तर हो. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. दोन्ही सपाट वर आले तर ते हसतायत. कौल मिळेपर्यंत कागद जाळता येत नाही, टेबल उचलता येत नाही, माणूस जेवतोय असं धरायचं.

मी गुडघ्यावर बसले, तुकडे ओंजळीत धरले. "पिंग-खुन, जेवलास का?" टाकले. दोन्ही सपाट. "हसतायत बाबा," पेइ-शान म्हणाली. थांबलो, परत टाकले. सपाट. "विश्वास बसत नसेल त्यांचा," छुंग-वन म्हणाला, "तूच दिलंस यावर." तिसऱ्यांदाही सपाट. उदबत्ती बोटभर उरली, तेव्हा छुंग-वनने नवीन लावल्या. एरवी मी या गोष्टींना फार मानणारी नाही, लाकडाचे तुकडे कसेही पडतात, पण जमिनीवर ते दोन सपाट चेहरे पडले होते. ते हसणं मी ओळखत होते. "भाव खाऊ नका हो बाबा," छुंग-वन पाटीला म्हणाला, "भात निवायला लागला." पेइ-शान माझ्या खांद्याशी वाकली. "आई, तू सांग ना त्यांना. तू म्हटल्याशिवाय ते खायचे नाहीत." तिने सहज म्हटलं. तिला आ-खिमचं काही ठाऊक नव्हतं. मी तुकडे परत ओंजळीत घेतले. मग म्हटलं, "खा." टाकले. सपाट. "खा रे," मी म्हटलं, "मी सांगते ना, खा, माझं चुकलं, तू मला दिलेला शब्द नको, खा आता!" मी ओरडत होते. छुंग-वनने माझा दंड धरला. तुकडे माझ्या हातून सुटले, एक टेबलाच्या पायाला आपटून फिरला आणि थांबला. दोन्ही सपाट.

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. कुकरमध्ये सकाळचा माझा भात होता, हातसडीचा, थंड, आणि झाकणाखाली उकडलेला रताळ्याचा पाला. तो गेल्यावरही मी तेच खाते. दुसरं करायचा मला कंटाळा आहे, असं मी पोरांना सांगते. पहिले शंभर दिवस रोज त्याच्या पाटीसमोर वाटी ठेवायची असते, तेव्हाही मी हेच ठेवायची. एक वाडगा भरला, वर पाला घातला, आणून लोबापंगच्या शेजारी ठेवला. गुडघ्यावर बसले. काय विचारायचं तेही सुचलं नाही, नुसते तुकडे सोडले. एक सपाट, एक फुगीर. "झालं!" पेइ-शानने सुस्कारा सोडला, "जेवले बाबा." छुंग-वन नाक पुसत हसला. "बघ. इतकं आणलंस, आणि माणूस शेवटी गवतच खाऊन गेला." दोघं कागदांचे गठ्ठे घेऊन गॅलरीत गेली. हलकी झाली होती पोरं. मला त्यांचा हेवा वाटला.

मी टेबलाशी दोन वाडग्यांसमोर बसून राहिले. सासूबाई म्हणायच्या, ज्या पानातलं पितर जेवतात त्या अन्नाची चव ते घेऊन जातात. म्हणून श्राद्धाचं उरलेलं खाताना वरून मीठ घालायचं. मी आधी लोबापंगचा घास घेतला. चरबी थिजून पांढरी झाली होती, टाळ्याला चिकटली. पण सगळं होतं त्यात. सोया होता, गूळचट गोडी होती, कांदा, चक्रीफूल, चव जशीच्या तशी, गल्लीतल्या पंख्याखालच्या त्या स्टुलापर्यंत जाणारी. कुणी काडीसुद्धा लावलेली नव्हती. मग मी दुसऱ्या वाडग्यातला घास घेतला आणि चघळायला लागले. काही नव्हतं. मीठ नाही, गोडी नाही, नुसता भुसा दातांखाली फिरत होता. माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. घेऊन गेला, म्हटलं, निदान हे तरी माझ्या हातचं घेऊन गेला. गॅलरीतून धूर आत येत होता. मी आणखी एक घास घेतला, मग आणखी एक, अगदी सावकाश, खात्री करून घेण्यासाठी. आणि तिसऱ्या घासाला मला कळलं की आज सकाळीही, इथे ठेवायच्या आधी, कुकरसमोर उभी राहून मी याच भाताचा वाडगा खाल्ला होता. तो असाच लागला होता. तो रोज असाच लागतो.